साल निघाली, रंग राहिला

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. फोटोत मावशीचं तोंड जरा बरं दिसावं म्हणून मी ऑनलाइन एक छोटी बाटली मागवली. आत रक्तासारखं लाल पाणी. वर लिहिलेलं, तीस टक्के आम्ल, दहा मिनिटं ठेवा आणि धुवा. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, वीसेक वर्षं बातम्या लिहितेय. दुसऱ्याच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचणं हाच माझा धंदा. पण बाटलीवरचं बारीक अक्षर काही मी वाचलं नाही. लाल पाणी तोंडाला लावलं आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावला.

चौथ्या मिनिटाला शेजारच्या काकूंची हाक आली, "अगं, पाणी आलंय बघ!"

पुढचं सोलापूरकरांना सांगायला नको. चार दिवसांनी येणारं पाणी. मोटार, पाइप, टाकी, बॅरल. मोबाईल आरशापुढंच राहिला. सकाळचे अकरा वाजलेले, डोक्यावर चाळिशी पार केलेलं ऊन, अंगणात मी बॅरल भरतेय आणि तोंडावर तीस टक्के आम्ल. जळजळ व्हायला लागली तेव्हा वाटलं, घाम असेल. आत आले तेव्हा पस्तीस मिनिटं होऊन गेली होती. तोंड धुवायला पाणी भरपूर होतं, तेवढंच नशीब.

संध्याकाळी तोंड लाल झालं, तिसऱ्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. मला वाटलं चला, काम झालं. दहाव्या दिवशी दोन्ही गालांच्या हाडांवर काळे चट्टे उठले. लग्नाच्या अल्बममध्ये ते आहेत. हळदीच्या फोटोत सगळ्यांची तोंडं पिवळी, माझं पिवळं-काळं.

आईनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "काय दशा करून घेतलीस गं? लेप कधी वाळू देतात का? ओढ बसायच्या आत धुवायचं असतं, एवढं पण माहीत नाही तुला?"

त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती वेळ ठेवलं? उन्हात गेला होतात का? आणि हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. एका रीलमध्ये बघितलं होतं.

चट्टे जायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत, पत्रकाराची खोड म्हणा, मी या साल काढण्याच्या प्रकाराचा इतिहास वाचत बसले. डॉक्टरांचे ते तीन प्रश्न किती जुने आहेत, हे तेव्हा कळलं. पोस्ट मोठी आहे, पण घरात मुलगी, सून, भाची असेल तर शेवटपर्यंत वाचा. मुलगा असेल तरी वाचा, हल्ली मुलंही मागं नाहीत.

आधी शब्द. पील म्हणजे साल काढणं. मराठीत एखाद्याला 'सोलून काढला' म्हटलं की त्याचा अर्थ आपल्याला नीट कळतो. पीलमध्ये आम्लानं कातडीचा वरचा थर सुटा करतात. खालून नवीन थर येतो, तो थोडे दिवस तुकतुकीत दिसतो. हलक्या पीलमध्ये वरचे मेलेले पापुद्रे जातात. खोल पीलमध्ये आत जखम होते, आणि ती भाजल्याच्या जखमेसारखीच असते. हलकं आणि खोल यांत फरक पडतो तो आम्ल कुठलं, किती टक्के आणि किती वेळ यानं.

आता आईचं वाक्य. ओढ बसायच्या आत धुवायचं. मला वाटायचं ही घरातली समजूत. पण वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, म्हणजे साधारण सातव्या शतकातल्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात तोंडाला लावायच्या लेपाचे नियम दिलेत. लेप किती जाड असावा हे बोटाच्या मापात सांगितलंय, पाव, एक तृतीयांश आणि अर्धं बोट. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना आधी भिजवावा, मग काढावा, नंतर तेल लावावं. आणि लेप लावलेला असताना काय टाळावं? दिवसा झोप, बडबड, विस्तवाजवळ बसणं, ऊन, शोक आणि राग. कुणाला लेप लावूच नये, त्याचीही यादी आहे.

तेराशे वर्षांपूर्वीच्या वैद्यानं डॉक्टरांच्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवली होती. वेळ मोजा. उन्हात जाऊ नका. मी दोन्ही मोडलं, वर शेजारणीशी बडबडही केली.

यावरून कुणी लगेच "बघा, आपल्याकडं सगळं होतंच" असं म्हणू नये. वाग्भटाचे लेप वनस्पतींचे, माझ्या बाटलीत तीस टक्के आम्ल. वस्तू वेगळी आहे. सारखं आहे ते एवढंच, की लावायच्या वस्तूबरोबर काढायचा नियमही दिलेला होता, आणि तो देणारा माणूस समोर होता. आपलं दिवाळीचं उटणंच घ्या. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल. आधी तेल चोळायचं, मग उटणं, मग ऊन पाणी. तेलानं कातडीला आधार मिळतो आणि घासलं तरी ओरखडत नाही. हा क्रम आजीकडून आईकडं, आईकडून आपल्याकडं आला. उटण्याच्या पाकिटावर क्रम छापायची कधी गरज पडली नाही.

आम्लाचा इतिहास युरोपातला. १८८२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल कातडीवर काय करतात ते लिहून ठेवलं. आजही दवाखान्यात यातली बरीचशी वापरतात. सॅलिसिलिक तुम्हाला माहीत आहे. पायाच्या भोवरीवर लावायची पट्टी मेडिकलमध्ये मिळते ना, तिच्यात तेच असतं. फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक आम्ल. १८६५ पासून लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत जंतू मारायला वापरलेलं. लाल कार्बोलिक साबणाचा तो वास आपल्या पिढीच्या नाकात अजून असेल.

पुढं गंमत झाली. हे फिनॉल डॉक्टरांच्या हातून निसटून अमेरिकेत लॉस एंजेलिसकडं गेलं. १९२०-३० च्या दशकांत तिथं डॉक्टर नसलेल्या काही बायका चेहऱ्याची साल काढून द्यायच्या. सिनेमाचं गाव, सुरकुती म्हणजे काम बंद. प्रत्येकीचं मिश्रण गुपित. काहींचा चेहरा खुलला, काहींचा कायमचा बिघडला. फिनॉल कातडीतून रक्तात उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून आज खोल फिनॉल पील करताना हृदयाकडं सतत लक्ष ठेवावं लागतं. त्या बायकांकडं कसलं यंत्र असणार?

१९६१ मध्ये फ्लोरिडातले डॉक्टर बेकर आणि गॉर्डन यांनी असं मिश्रण उघडपणे छापलं. फिनॉल, पाणी, पातळ साबण आणि क्रोटन तेलाचे थेंब. क्रोटन तेल म्हणजे काय माहीत आहे? जमालगोट्याचं तेल. होय, पोट साफ करणारा तोच जमालगोटा. पुढची कितीतरी वर्षं सगळ्यांना वाटायचं की काम फिनॉल करतं. २००० साली ग्रेगरी हेटर यांनी दाखवून दिलं की खोली ठरते ती मुख्यतः जमालगोट्याच्या थेंबांवर. चाळीस वर्षं डॉक्टरसुद्धा मिश्रणातल्या खऱ्या जोरकस वस्तूबद्दल चुकीच्या समजुतीत होते, तर रील बघून लावणाऱ्या माझी काय कथा.

आपल्या घरापर्यंत आलं ते आम्ल मात्र वेगळं. १९७४ मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट हे डॉक्टर आणि यू हे रसायनतज्ज्ञ एका आजारावर काम करत होते. त्या आजारात कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते. त्यांना दिसलं की फळं, दूध, ऊस यांत सापडणारी सौम्य आम्लं लावली की खवले सुटतात. दह्यातलं लॅक्टिक, लिंबातलं सायट्रिक, चिंच-द्राक्षातलं टार्टारिक, उसातलं ग्लायकोलिक. आजारी माणसाचे खवले काढायला शोधलेली वस्तू पुढच्या वीस वर्षांत तरुण दिसायच्या क्रीममध्ये आली. जाहिरातीत ऊस आणि लिंबाची चित्रं. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वाटणार, उसाचं आहे, गोडच असेल. बाटलीतलं ग्लायकोलिक बहुतेक वेळा रासायनिक कारखान्यात तयार होतं, आणि ते उसातून आलं असतं तरी तीस टक्क्यांवर त्यानं तेच केलं असतं.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी तज्ज्ञांच्या समितीनं मर्यादा सुचवली होती. लोकांनी घरी वापरायच्या वस्तूत हे आम्ल दहा टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ पेक्षा कमी नको, आणि वापरणाऱ्याला उन्हापासून संरक्षण करायला सांगा. तीस टक्क्यांपर्यंतचं फक्त प्रशिक्षित माणसाच्या हातून, थोडा वेळ ठेवून धुवायच्या कामासाठी. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा एकनं खाली गेला की आंबटपणा दहापट वाढतो. कातडीचा पीएच पाचच्या आसपास आणि लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. म्हणजे हजारपट. "लिंबू तर घरगुती आहे" म्हणताना हा हजारपटीचा हिशोब कुणी करत नाही.

आणखी एक गोष्ट. कातडीचे एक ते सहा असे प्रकार डॉक्टर सांगतात, ते माप फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला ते गोऱ्या कातडीपुरतंच होतं. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या, काळ्या कातडीसाठी पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपली कातडी जळली, खरचटली, सोलली की ती रंग जास्त तयार करून बचाव करते. म्हणून गोऱ्या बाईला पीलनंतर लाली येते आणि जाते, आपल्याला काळा डाग पडतो आणि महिनोन्‌महिने राहतो. त्यात सोलापूरचं ऊन. रीलमधली बाई कोरियात किंवा लंडनमध्ये खिडकीजवळ बसलेली असते, तिला पाणी भरायला अंगणात जायचं नसतं.

आता आपल्याकडचा इतिहास, आणि त्यात माझाही थोडा हात आहे.

मुंबईत १९१९ मध्ये पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला. आपल्या आज्यांच्या तोंडी 'स्नो-पावडर' हा शब्द बसला तो अशाच डब्यांमुळं. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याबरोबर स्नो-पावडरची दुकानंही असायची. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. एका ट्यूबवर गोरेपणाच्या छटा छापल्या गेल्या आणि गोरेपणाला तारखा मिळाल्या, इतक्या आठवड्यांत इतकी छटा. २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळं क्रीम आलं. २०२० मध्ये, अमेरिकेतल्या वर्णद्वेषाविरोधी आंदोलनानंतर, नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नाव बदललं. लग्नाच्या बायोडाट्यात 'वर्ण' हा रकाना मात्र तसाच आहे.

वीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या महिलांच्या पुरवणीत नवीन होते. पानावर चार इंच जागा उरली की वरिष्ठ म्हणायचे, "टाक काहीतरी सौंदर्याचं." मी टाकायचे. लिंबू आणि साखर चोळा, कांती उजळेल. लिंबाची साल गालावर फिरवा, डाग जातील. एकदाही कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. मागच्या वर्षीच्या पुरवणीतलं उचलून चार शब्द बदलायचे, झालं.

एक दिवस पोस्टकार्ड आलं. बारावीतली मुलगी, आई विड्या वळायची. अक्षर सुंदर होतं. दोन प्रश्न होते. लिंबू लावल्यावर फार जळजळतं, काय करू? आणि मी किती दिवसांत गोरी होईन? पुढच्या आठवड्यात मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापलं, लिंबात थोडं दूध मिसळा. दुसऱ्या प्रश्नाला जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर उत्तर नव्हतं. ते कार्ड आता माझ्याकडं नाही, पण गालावर काळे चट्टे घेऊन आरशात बघायचे तेव्हा ते रोज आठवायचं. तिलाही चट्टे पडले असतील का? पडले असतील तर तिच्या लेखी ते सांगणारी मी होते. तिच्या बाबतीत डॉक्टरांच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं.

त्याच काळात गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरं झाली आणि फेशियलबरोबर ब्लीच आलं. ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. हे सोलापूरला नवीन नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली तेव्हापासून आपलं गाव सुतावर जगलंय. माझे वडील सूत धुऊन रंगवायच्या कारखान्यात होते. टॉवेलचं सूत पांढरं करायलाही पेरॉक्साइडच वापरतात, अर्थात वेगळ्या ताकदीचं. वडील म्हणायचे, "सुताला पांढरं करणं सोपं, वेळेवर बाहेर काढणं अवघड. जास्त राहिलं की सूत मरतं. दिसायला पांढरं शुभ्र, ओढलं की तुटतं." त्यांच्या खात्यात त्या कामाला घड्याळ होतं आणि घड्याळाला माणूस होता. चूक झाली तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं असायचं.

तोंडाच्या बाबतीत ते ठरलेलं नाही. आणि इथून पुढं विषय माझ्या गालापुरता राहत नाही.

मेडिकलमध्ये मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब घ्या. मुळात ती खाज, इसब अशा आजारांसाठी. लावली की आठ दिवसांत तोंड उजळ दिसतं, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला सांगते. पुढं कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, फोड येतात, बायकांच्या तोंडावर लव वाढते. बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा लावायची. दारूसारखंच चक्र. २०११ मध्ये देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातले जवळपास २९ टक्के गोरं व्हायला किंवा रोजचं क्रीम म्हणून. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा चौदा स्टिरॉइड मलमांना अनुसूची 'एच'मध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही. कायदा झाला. तुम्ही शेवटची ट्यूब घेतली तेव्हा चिठ्ठी मागितली होती का, ते आठवून बघा.

त्याहून भयंकर पारा. पारा कातडीचा रंग तयार व्हायची क्रिया थांबवतो, म्हणून काही गोरेपणाच्या क्रीममध्ये चोरून घालतात. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या आजारानं मुंबईच्या केईएममध्ये पोचल्या. तिघी एकच क्रीम लावत होत्या, गावातल्याच ब्यूटिशियनकडून घेतलेलं. तपासणीत त्यात पाऱ्याचं मोठं प्रमाण सापडलं. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं. आपल्याकडं पायाला सूज आली म्हणून दाखवायला गेल्यावर "तोंडाला काय लावता?" असं किती ठिकाणी विचारत असतील?

२०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार आपल्याकडं अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाखांत एक भाग, त्याच्या वर नाही. विकायला वस्तू बनवायची तर परवाना लागतो. डबीवर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी लागते. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लागतो. पांढऱ्या बिनलेबलच्या डबीत 'आमच्या पार्लरचं खास' म्हणून मिळतं ते यातल्या कशातच बसत नाही. बघायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं, आणि तक्रार करायचं काम आपलं. मिठाईत भेसळ निघाली की आपण ओरडतो. तोंडाच्या क्रीमबद्दल ओरडत नाही, कारण ओरडलं तर "ही गोरी व्हायला बघत होती" हे चारचौघांत कळतं. त्या लाजेवरच हा धंदा चाललाय.

ऑनलाइन बाटल्यांचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोकांना जाहीर बजावलं की जास्त ताकदीचे पील ऑनलाइन घेऊन घरी लावू नका, गंभीर भाजल्याच्या घटना झाल्यात. तिथं ही अवस्था असेल तर इथं आपली आपणच काळजी घ्यायची.

पील वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. मुरुमांचे डाग, वांग यांवर जाणकार डॉक्टरांच्या हातचं पील उपयोगी पडतं. ते आधी काही आठवडे कातडी तयार करतात, छोट्या जागेवर लावून बघतात, समोर उभं राहून मिनिटं मोजतात, आम्ल मारायचं द्रावण हाताशी ठेवतात आणि नंतर उन्हाला बंदी घालतात. वेळ, ऊन, जबाबदार माणूस. त्यांच्याकडं तिन्ही असतं. बाटलीबरोबर फक्त आम्ल आलं, हे तिन्ही आलं नाही.

आणि मुळात आपल्याला घालवायचं काय असतं? आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. अख्खा महाराष्ट्र पायी चालत येतो तो एका सावळ्या मुखाकडं डोळे भरून बघायला. दूध, दही, मधाच्या अभिषेकांनी ती मूर्ती झिजत गेली, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या सल्ल्यानं तिला वज्रलेप करावा लागतो. लॉकडाऊनमध्ये, जून २०२० मध्ये, मंदिर बंद असताना तो झाला. दगड झिजतो, तर कातडीचं काय? पण मला त्याहून जास्त हे खटकतं, की त्या सावळ्यापुढं हात जोडून आपण घरी येतो आणि स्थळाच्या चिठ्ठीत लिहितो, मुलगी गोरी पाहिजे. भाचीच्या लग्नात माझे चट्टे बघून एका बाईनं विचारलं, "उन्हात फार फिरता वाटतं?" काळजीनं नाही हो. त्यात जे होतं ते प्रत्येक सावळ्या बाईला कळतं.

म्हणून वीस वर्षं उशिरा, त्या पोस्टकार्डवाल्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आज ती सदतीस-अडतीसची असेल. कदाचित तिची मुलगी वयात येत असेल.

बाई, तू किती दिवसांत गोरी होणार होतीस? कितीही दिवसांत नाही. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात आपोआप बदलतो, वय वाढलं की थोडा जास्त वेळ घेतो. रंग तयार करणाऱ्या पेशी त्या थराच्या तळाशी असतात. गोऱ्या माणसात आणि तुझ्या-माझ्यात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. त्या किती आणि कसा रंग बनवतात, ते जन्मापासून ठरलेलं असतं. वरची साल तू शंभर वेळा काढलीस तरी खालून तुझाच रंग येणार. तो रंग उन्हापासून तुझा बचाव करतो, आणि सोलापूरच्या उन्हात तो असणं हे नशीबच आहे. लिंबात दूध मिसळ असं मी सांगायला नको होतं. डॉक्टरला विचारून सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

बाकीच्यांसाठी, माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात. घरी जास्त टक्क्यांचं पील लावू नका. चुकून लागलंच आणि जळजळलं, तर गजराची वाट बघू नका, भरपूर साध्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडं जा. लिंबू, सोडा, टूथपेस्ट तोंडाला नको. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, निदान पदर, ओढणी किंवा छत्री घ्या. सुटत असलेली साल ओढू नका. डबीवर कारखान्याचं नाव, परवाना आणि बॅच क्रमांक नसेल तर ती घेऊ नका. स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. आणि क्रीम लावायला लागल्यापासून पाय, तोंड सुजत असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर लाजू नका, क्रीमची डबी सोबत घेऊन जा.

ती लाल बाटली अजून माझ्या कपाटात आहे, अर्धी भरलेली. परवा शेवटी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. लिहिलेलं होतं, उन्हात जाऊ नये, दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. सगळं होतं. बातमीच्या कागदावर मी इतकं बारीक बघते, ते स्वतःच्या तोंडाबाबत बघितलं नाही.

आज पाणी यायचा दिवस आहे. चला, मोटार लावते. तोंडावर आज काही नाही.